आवडतं संगीत आणि त्यापायी करायची हातची कामं : तुमचे अनुभव लिहा

गाणं ऐकायला बहुतेकांना आवडतं. त्या आवडीपायी कुणी लाखेच्या तबकड्या धुतं, कुणी कॅसेटी उलगडून जोडतं, कुणी तंबोऱ्याच्या घोडीत (तारा टेकतात त्या पट्टीवर) सूत सरकवत तासभर बसतं. या धाग्यात त्या कामाबद्दल लिहायचं आहे. काय आवडतं ते एका ओळीत सांगा, मग काम सविस्तर: साहित्य काय, किती, कुठे बिघडतं, का बिघडतं. 'जाणकाराकडे न्या' एवढंच नको. जाणकार नेमकं काय करतो तेही लिहा. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.

खरखर

नाट्यपदं आणि अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांच्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या. छंद म्हणजे त्या स्वच्छ करून संगणकावर उतरवणं.

पहिला नियम: 78 ची (मिनिटाला 78 फेरे घेणारी) जुनी तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. एलपी (नंतरची व्हिनाइलची तबकडी) पुसायचं अल्कोहोलवालं द्रावण तिच्यावर कधीच नको. चकाकी जाते आणि खाचा कायमच्या खराब होतात. कोमट पाणी, अर्ध्या लिटरला भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे दोन-तीन थेंब, मऊ ब्रश. ब्रश खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा नाही. मधल्या कागदी लेबलावर पाणी जाऊ द्यायचं नाही. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं, कारण नळाच्या पाण्यातले क्षार खाचेत सुकून बसतात आणि नवी खरखर देतात. सावलीत उभी करून वाळवायची. उन्हात ठेवली की वाकते. चीर गेलेली तबकडी भिजत ठेवू नका, पाणी आतल्या थरात शिरतं.

दुसरा मुद्दा सुईचा. 78 ची खाच रुंद असते, तिला 3 मिलची (सुमारे 76 मायक्रॉन) सुई लागते. एलपीची सुई 0.7 ते 1 मिलची. ती 78 च्या खाचेच्या तळाशी, धुळीत घासत जाते: आवाज बारीक, खरखर दुप्पट, शिवाय सुईही लवकर झिजते. दाब एलपीला दीड-दोन ग्रॅम पुरतो, इथे 3 ते 5 ग्रॅम लागतो. चावीच्या ग्रामोफोनवर वाजवणार असाल तर पोलादी सुई एका बाजूला एक, मग फेकून द्यायची. ती मुद्दाम मऊ केलेली असते, पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची होते. दुसऱ्या तबकडीवर तीच लावली तर झिजलेल्या धारा खाच कापत जातात.

वेग तपासल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नये. आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेवर 77 रेघांची स्ट्रोब चकती (वेग तपासायला तबकडीवर ठेवतात ती) 77.92 फेऱ्यांना स्थिर दिसते. दिवा मात्र लुकलुकणारा हवा. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली रेघा नीट दिसतच नाहीत. त्यातही गोम अशी की सगळ्या जुन्या तबकड्या नेमक्या 78 वर कापलेल्या नाहीत. 74 ची तबकडी 78 वर लावली तर गायक जवळजवळ अर्धा स्वर चढा वाटतो. साथीच्या पेटीवरून अंदाज येतो, पण त्या काळच्या पेट्या आजच्या ट्यूनरशी जुळतीलच असं नाही. म्हणून एकाच गायकाच्या तीन-चार तबकड्या शेजारी ठेवून ताना आणि शब्दांचा उच्चार ऐकावा. चुकीच्या वेगावर 'स' शिट्टीसारखा होतो.

78 चा वेग नसलेल्या टर्नटेबलवरही काम भागतं. 45 वर वाजवून रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग 1.733 पट करा. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ ठेवा. स्टिरिओ काडतुसातून (सुई बसवलेल्या भागातून) येणाऱ्या दोन्ही बाजू आधी वेगवेगळ्या ऐका. खाचेची एक भिंत बरेचदा दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते. तसं असेल तर तीच घ्यायची, नाहीतर दोन्ही मिसळून मोनो करायचं. टकटक आधी काढायची, सरसर नंतर आणि अगदी थोडी. सरसर पूर्ण घालवली की तंबोऱ्याच्या वरच्या लहरी आणि सारंगीची धार तिच्याबरोबर जाते, गाणं पाण्याखालून आल्यासारखं लागतं. माझं मत ठाम आहे: मूळ, न साफ केलेली फाइल कधीही पुसू नये.

खर्ज

खयाल, विशेषतः किराणा घराण्याचा. काम तंबोऱ्याचं.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर नवे तंबोरे घेणारे वाढलेले दिसतात. वाद्य घरी आलं की मात्र बरेच जण फक्त खुंट्या पिळतात आणि 'जवारी (तारेचा खुला, गुंजणारा आवाज) बोलत नाही' म्हणतात.

क्रम असा ठेवा. जोडातली (मधल्या दोन तारांतली) एक तार षड्जाला, मग दुसरी तिच्याशी एकजीव होईपर्यंत, मग खर्ज, शेवटी पंचम. मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागात पहिली तार मध्यमाला, मारव्यात निषादाला. खुंटी फिरवताना तार छेडत राहायचं आणि खुंटी आत दाबत फिरवायची. घसरत असेल तर खुंटीला खडू, अडकत असेल तर कोरडा साबण अगदी किंचित. तेल नाही, ते लाकडात मुरलं की खुंटी पुन्हा धरत नाही.

स्वराच्या जवळ आलात की खुंटीला हात लावायचा नाही, घोडीखालच्या तारांत ओवलेले मणी वापरायचे. मणी घोडीपासून दूर, लंगोटाकडे (तारांची खालची टोकं बांधतात तिकडे) सरकवला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो.

सूत सगळ्यात शेवटी. साधा सुती दोरा, जास्त पीळ नसलेला. तो तार आणि घोडीच्या मध्ये घालून दोन्ही टोकं धरायची आणि केसभर केसभर पुढेमागे करत तार छेडायची. एका जागी आवाज बंद, मग थोडा फरफरतो, आणि मधेच एक अगदी अरुंद जागा येते जिथे तार उघडते आणि जोडाच्या तारांतून गंधार आपोआप वर येतो. तिथे थांबायचं. चारही तारांची जागा वेगवेगळी असते. सूत लावल्यावर स्वर जरासा हलतो, म्हणून पुन्हा मणी.

सूत कुठेही ठेवलं तरी आवाज फरफरत असेल तर घोडीवर तारेने खाच पाडलेली असते. मग जवारी काढणं, म्हणजे घोडीचा माथा कानसून पुन्हा हलका उतार देणं, हाच उपाय. ते कारागिराचं काम. एक घासणी जास्त झाली तर घोडी बदलावी लागते.

सी-नव्वद

घरगुती मैफिली, कीर्तनं, आकाशवाणीवरून टिपलेली भावगीतं. कॅसेटी.

वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं पडून फीत चिकटलेली असते. सी-60 ची (60 मिनिटांच्या कॅसेटची) फीत 18 मायक्रॉन, सी-90 ची 12, सी-120 ची 9. म्हणून 120 वाल्या ताणल्या जातात आणि यंत्रात गुंततात. त्या थांबवत, मागेपुढे करत ऐकू नयेत, सलग एकदाच उतरवाव्यात.

हेड (यंत्रातला फीत वाचणारा भाग) 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसायचं. रबरी चाक मात्र साबणाच्या पाण्याने, रबर अल्कोहोलने कडक होऊ शकतं. फितीमागचा नमद्याचा छोटा तुकडा गळला असेल तर आवाज दबतो आणि येतो-जातो. स्क्रूवाली दुसरी कॅसेट उघडून रिळं तिच्यात बसवणं सोपं पडतं. तुटलेली फीत जोडायला स्प्लायसिंग टेपच घ्या. साध्या चिकटपट्टीचा गोंद काही महिन्यांत बाजूने वाहतो आणि शेजारचा वेढा चिकटवतो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हेडचा कोन. मूळ रेकॉर्डिंग वेगळ्या यंत्रावर झालेलं असतं, तिथलं हेड किंचित तिरकं असेल तर तुमच्याकडे टाळ आणि झांजा मंद ऐकू येतात. हेडशेजारी स्प्रिंगवाला स्क्रू असतो. त्याच्या मूळ जागेची खूण करा, दोन्ही बाजू मोनोत मिसळा आणि पाव फेऱ्याच्या आत हळू फिरवत वरचा आवाज जास्तीत जास्त उजळेल तिथे थांबा. दर कॅसेटला पुन्हा.

खरखर

सी-नव्वद, फितीवर पांढरी बुरशी असेल तर?

सी-नव्वद

यंत्रात घालू नका, हेडवरून बुरशी दुसऱ्या कॅसेटींवर जाते. आधी कोरड्या हवेत सिलिका जेलबरोबर बंद डब्यात दोन-तीन दिवस, मग मोकळ्या गॅलरीत तोंडाला मास्क लावून, हाताने हळू गुंडाळत मऊ कोरड्या कापडातून फीत काढायची. अशा कॅसेटी नंतर वाजवायला एक जुनं यंत्र वेगळं ठेवलेलं बरं.

धुमाळी

वारकरी भजन. पखवाजाच्या डाव्या तोंडाबद्दल लिहितो, कारण तिथेच आवाज बिघडतो.

कणीक पोळीपेक्षा सैल, मीठ-तेल न घालता. साधारण दोन पोळ्यांची लागते, तोंडाच्या आकाराप्रमाणे कमी-जास्त. चामड्याचा मधला भाग ओल्या हाताने पुसून कणीक मधोमध थापायची, कडेला पातळ करत न्यायची. घट्ट झाली तर वाजवताना कडा सुटतात. जास्त लावली की आवाज खाली जातो आणि गुदमरतो, कमी लावली की डबा वाजल्यासारखा येतो. उजवी पुडी (चामड्याचं तोंड) षड्जाला लावल्यावर डावीकडून त्याचा खर्ज यायला हवा. चिमूट चिमूट काढत तिथे यायचं. रात्रभराच्या जागरात कणीक सुकते, मधूनमधून ओलं बोट फिरवावं.

भजन संपलं की लगेच खरवडून ओल्या फडक्याने पुसा. राहिली तर सुकताना चामडं ओढते, आणि रात्रीत उंदीर पुडी कुरतडतात.

तबलेवाल्यांसाठी एकच: पावसाळ्यात स्वर उतरला म्हणून लगेच गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकू नका. आधी गजरा (पुडीच्या कडेची चामड्याची वेणी) ठोका, समोरासमोरच्या घरांवर (वाद्यांमधल्या जागांवर) आळीपाळीने. सगळीकडून खूपच उतरला असेल तरच गट्टे. ऊन पडल्यावर चामडं स्वतःच चढतं आणि जास्त ताणलेली पुडी शाईच्या कडेने फाटते.

काळी एक

पेटी. एखादी पट्टी न दाबता वाजत राहिली तर बहुधा झडपेच्या चामड्याखाली कचरा असतो. झडप उचलून साध्या कागदाचा तुकडा तिच्याखाली घाला, झडप सोडा, कागद ओढून घ्या. सूर मुका झाला असेल तर पितळी जिभेत कण अडकलाय, तोही पातळ कागदानेच निघतो.

सूर उतरला असेल तर जिभेचं टोक घासल्यावर तो चढतो, चढला असेल तर मुळाशी घासल्यावर उतरतो. एक-दोन हलक्या घासण्या, मग पेटी बंद करून ऐकायचं. उघड्या पेटीत सूर वेगळा लागतो. खर्जताईंच्या तंबोऱ्याबरोबर वाजवायची असेल तर शुद्ध गंधार 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) खाली घेऊन बघा. मात्र असं केलेली पेटी त्या एकाच पट्टीत (षड्जाला) वाजवायची, सफेद दोनला ती बेसूर होणारच.

खर्ज

बरोबर, आणि जुळवणी भाता स्थिर ठेवूनच करा. जोरात हवा दिली की खर्जाच्या जिभा किंचित उतरतात.