अडतं ते पहिल्या ओळीपाशी
वेळापत्रक भिंतीवर लावूनही अभ्यासाला बसवत नाही, असं तुम्ही लिहिलंय. डिप्लोमाला माझंही हेच व्हायचं. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं जर्नल उतरवताना बोटावर पेनाचा वळ उठायचा. तो आळस नव्हता हो, पहिल्या ओळीचीच धास्ती वाटायची.

मग पोमोदोरो पद्धत धरली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने टोमॅटोच्या आकाराचा टायमर वापरून ती काढली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. मला २५ही जड जायची, म्हणून मी १० लावायचे. मोबाइल स्वयंपाकघरात, आईजवळ. आणि रात्री उठताना गणित मुद्दाम अर्धवट सोडून वही उघडीच ठेवायचे. सकाळी बसल्या बसल्या हात चालू व्हायचा. आज रात्री हे करून बघाच.