पुरस्कार समितीत ‘यात प्रयोग कुठे आहे?’ असं विचारतात, काय उत्तर द्यायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात स्थापत्य विभागात शिकवतो. यंदा ‘उत्कृष्ट संशोधक’ पुरस्काराच्या समितीत मला बसवलंय. विचार करावा असे अर्ज दोनच. एक सर उसाच्या चिपाडाची राख घालून काँक्रीटचे क्यूब पाडतात. क्यूब मशीनवर फोडून दाखवता येतात, फोटोही झकास येतात. दुसऱ्या गणिताच्या मॅडम. कोयनेतून अमुक इतकं पाणी सोडलं आणि वर पाऊस तमुक असला, तर आयर्विन पुलापाशी किती तासांनी किती फूट चढेल, याचं गणिती मॉडेल त्यांनी केलंय. २०१९ च्या पुरात तिथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्यामुळे इथे कुणाला या विषयाचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही.

तरीही एक ज्येष्ठ सर म्हणाले, “हे सगळं खुर्चीत बसून केलेलं. यात प्रयोग कुठे आहे?” आणि गणित विभागाचे प्रतिनिधी म्हणाले, “यात नवं प्रमेय कुठे आहे?” मॅडम दोन्हीकडून गेल्या. पेपर मोजायचे तर राखवाले सर पुढे. तोलायचं कशावर? पुढच्या आठवड्यात बैठक आहे.

माटुंगा_रिटायर्ड

सर, हे दुखणं तुमच्या कॉलेजापुरतं नाही. मी माटुंग्याच्या यूडीसीटीचा, म्हणजे आताच्या आयसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेचा. पुढे सगळी नोकरी रासायनिक कारखान्यात, रिअ‍ॅक्टरच्या शेजारी झाली. प्लँटवर आम्ही मॉडेलवाल्यांना ‘कागदी इंजिनिअर’ म्हणायचो, आणि स्टार्टअपच्या रात्री त्यांनाच फोन लावायचो.

आपल्याकडे अशा लोकांना मान मिळालाच नाही असं मात्र नाही. आमच्या ज्येष्ठराज जोशी सरांनी बबल कॉलममध्ये, म्हणजे खालून वायू सोडलेल्या द्रवाच्या उंच टाकीत, प्रवाह कसा फिरतो ते समीकरणांत बसवलं. त्यांना १९९१ चं भटनागर पारितोषिक. पुण्याच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, बी. डी. कुलकर्णी रिअ‍ॅक्टरमधल्या अभिक्रियांची मॉडेलं करत, त्यांना १९८८ चं. दोघांनाही ते अभियांत्रिकी विज्ञानात मिळालं, गणितात नाही. २०२४ पासून राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आले, विषयांची यादी लांबली, तरी मॉडेलिंगला वेगळा खण नाही. नसलेलाच बरा, असं माझं मत. वेगळा खण झाला की मॉडेलवाले मॉडेलवाल्यांनाच बक्षिसं देत बसतील आणि प्लँटवरच्या माणसाला कुणी विचारणार नाही.

‘प्रयोग कुठे’ म्हणणाऱ्या सरांना रोनाल्ड रॉस सांगा. २० ऑगस्ट १८९७ ला सिकंदराबादेत त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा परोपजीवी दिसला, १९०२ ला नोबेल मिळालं. पुढे त्यानेच गणित करून दाखवलं की डास समूळ नाहीसे करावे लागत नाहीत. त्यांची संख्या एका मर्यादेखाली आणली की साथ आपोआप ओसरते. डास-नियंत्रणाच्या धोरणाला आधार मिळाला तो या गणिताचा, पण बक्षीस मिळालं सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या गोष्टीला. हवामानशास्त्रज्ञ सुकुरो मानाबे यांनी १९६७ मध्ये सहकारी वेदराल्डसोबत हिशेब मांडला की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान साधारण २.३ अंशांनी वाढेल. नोबेल २०२१ ला, वयाच्या नव्वदीत. मॅडमना तेवढं ताटकळत ठेवू नका म्हणजे झालं.

‘प्रमेय कुठे’वाल्यांसाठी गाउस पारितोषिक आहे. गणिताबाहेर कामी आलेल्या गणितासाठीच ते जागतिक गणित संघटनेने सुरू केलं. २००६ मध्ये पहिलं किओशी इतोंना दिलं, २०१० चं तर आपल्या हैदराबादेत दिलं गेलं.

बैठकीत दोन गोष्टी विचारा. ज्या पुराच्या आकड्यांवर मॉडेल बसवलं, तो सोडून दुसऱ्या पुराला ते चाललं का? आणि काय गाळलं, ते स्वतःहून लिहिलंय का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तोच प्रयोग.

साथींची_नोंदवही

माटुंगावाल्या काकांचं बरंचसं पटलं, पण ‘चाललं’ या शब्दावर इतकं विसंबू नका. माझं काम साथरोगांच्या आकडेवारीचं, म्हणून आमच्या घरातलं उदाहरण देते.

साथ कशी पसरते यावरचा केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा १९२७ चा प्रबंध, ज्याच्या वंशातली मॉडेलं कोविडमध्ये रोज टीव्हीवर दिसायची, तो आपल्या मुंबईच्या प्लेगच्या आकड्यांवर तपासलेला आहे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६, दर आठवड्याचे मृत्यू. (मॅकेंड्रिक स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला डॉक्टर.) शंभरातले ऐंशी-नव्वद रुग्ण दगावत, म्हणून मृत्यूंचाच आकडा धरला. वक्र इतका सुरेख बसला की अजून पाठ्यपुस्तकांत छापतात. पण समीकरणांत ना प्लेग पसरवणारे उंदीर, ना त्यांच्या अंगावरच्या पिसवा, ना ऋतू! मुंबईचा प्लेग दरवर्षी ठरावीक महिन्यांतच उसळायचा आणि उन्हाळ्याबरोबर उतरायचा. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने हेच दाखवलं: वक्र बसला, कारण चुकलं होतं.

आता सांगा, या दोघांना पुरस्कार द्यायचा की नाही? मी देईन. साथ पेटायला निरोगी पण रोग लागू शकेल अशा लोकांची एक किमान दाटी लागते, हा त्यांचा निष्कर्ष टिकला. म्हणजे मॉडेलने काय ‘समजावलं’ ते बघा, नुसतं काय ‘जुळवलं’ ते नको.

आणि ते साप्ताहिक आकडे गोळा करणारे, घराघरांतून उंदीर पकडून त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजणारे लोक? त्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत. तुमच्या मॅडमनी पुलावर पाण्याच्या उंचीची पट्टी वाचणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आभार मानलेत का, तेही बघा. मी गुण देताना हे धरते.

पाषाण_रोड

मान्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ बाईंचं नाव अजून कसं आलं नाही? पुण्याच्या, फर्ग्युसनच्या. हार्वर्डमधून उपयोजित गणितात पीएच.डी. १९८० मध्ये सिक्का आणि त्यांनी रोजची उपग्रह-छायाचित्रं चाळून दाखवलं की विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर तयार झालेले ढगांचे पट्टे उत्तरेला सरकत आपल्या भूमीवर येतात. गणितातली पदवी, पण डोळे ढगांवर. पुढे अनंतपूरच्या कोरडवाहू शेतकऱ्यांसाठी पिकाचं मॉडेल वापरून भुईमूग कधी पेरावा याचा हिशेब केला. प्रश्न शेताच्या बांधावरचा होता. २०२५ मध्ये त्या गेल्या.

समितीला एवढंच विचारा: मॅडमना हा प्रश्न कुठून मिळाला, जर्नलमधून की नदीवरून?

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. काल मॅडमना गाठून विचारलं. मॉडेल २०१९ वर बसवलंय, तपासलंय जुलै २०२१ वर. तिथे पाणी त्यांच्या अंदाजाआधी चढलं. कारण? खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते, ती फुगली की कृष्णेचं पाणी मागे तुंबतं, आणि पहिल्या आवृत्तीत वारणा नीट धरलेली नव्हती. हे सगळं अर्जात पान ११ वर लिहिलेलं आहे. समितीत ते पान कुणीच उघडलं नव्हतं, माझ्यासकट. पट्टी वाचणाऱ्यांचे आभार पान २ वर आहेत.

माटुंगा_रिटायर्ड

पान ११ च्या झेरॉक्स काढा आणि बैठकीत चहाच्या आधी वाटा. चहानंतर कोणी वाचत नाही.