मदत हवी आहे: कर्नाकचं कोरीवकाम बघायला कोणती वेळ बरी?

डिसेंबरात आईला घेऊन इजिप्तमधल्या लक्सरला जातोय. तिथल्या कर्नाक मंदिराच्या १३४ खांबांच्या दालनात उत्तरेकडे फॅरो (राजा) सेती पहिल्याचं उठावाचं काम आहे, दक्षिणेकडे त्याच्या मुलाचं, दुसऱ्या रामसेसचं, दगडात आत खोदलेलं. हे खोदकाम तिरक्या उन्हात उठून दिसतं, भर दुपारी सपाट वाटतं म्हणे. मग सकाळी लवकर जावं की उतरत्या उन्हात? सेतीच्या लढाया बाहेरच्या उत्तर भिंतीवर आहेत; तिथे हिवाळ्यात ऊन पोचतं का? टॉर्च आत नेऊ देतात का?

नाईलच्या पलीकडच्या काठावर मेदिनेत हाबूच्या मंदिरात शत्रूंच्या तोडलेल्या हातांचा ढीग मोजणारे कारकून कोरलेत, ते मला बघायचेच आहेत! पण आईचे गुडघे दुखतात. दोन्ही एकाच दिवशी झेपेल का?