पंचवीस मिनिटांचा गजर: कामाला शिस्त की कामाचे तुकडे?

रानवाट
गजर लावून काम करण्याची पद्धत आता बऱ्याच जणांच्या ओळखीची झाली आहे. २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं विश्रांती, आणि असे चार फेरे झाले की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थी असताना, १९८०च्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर घेऊन इटलीत ही सुरू केली. इटालियनमध्ये टोमॅटोला पोमोडोरो म्हणतात, पद्धतीला हे नाव त्यावरूनच पडलं.

माझं मत असं की मोठा पसारा डोक्यात धरून ज्यांना काम करावं लागतं, त्यांचं ही पद्धत नुकसान करते. मी सॉफ्टवेअर लिहिते. एखादी चूक शोधताना कुठली माहिती कुठून आली, मध्ये कुठे बदलली आणि शेवटी कुठे बिघडली, हे सगळं एकाच वेळी डोळ्यांसमोर हवं असतं. ते उभं करण्यातच बराच वेळ जातो. जरा कुठे धागा हाती लागतो न लागतो तोच गजर वाजतो. अशा वेळी उठणं म्हणजे आधीची सगळी मेहनत पाण्यात. आणि हल्ली काही ठिकाणी तर अख्ख्या टीमला एकच टायमर लावून देतात. प्रत्येकाचं काम वेगळं असतं, याचा विचारच नाही.

ओळंबा
अजिबात पटलं नाही. तुम्ही काम सुरू झाल्यानंतरचं बोलताय. माझ्यासारख्यांची अडचण सुरू होण्याच्या आधीची आहे. मी प्रबंध लिहितोय. 'आज प्रकरण लिहायचं' म्हटलं की दिवसभर टेबलाभोवती घिरट्या होतात. '२५ मिनिटं फक्त या परिच्छेदाशी बसायचं' म्हटलं की बसता येतं, कारण शेवट दिसत असतो. टाळाटाळ आळसातून होते असं लोक समजतात. माझ्या मते ती बहुतेक वेळा धास्तीतून होते, आणि त्या धास्तीवर इतका साधा उपाय मला दुसरा मिळालेला नाही.

तळटीप
थोडी अभ्यासाची बाजू मांडतो. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या प्रश्नातून निघाले होते. घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा क्वचित दुप्पट उडी मारायचा आणि ती उडी टिपायची, एवढंच काम. पहिल्या अर्ध्या तासानंतर लोकांच्या नजरेतून जास्त उड्या निसटू लागल्या. म्हणजे एकसुरी कामात लक्ष ढळतं, हे जुनंच निरीक्षण आहे. २०२२ मध्ये दहा मिनिटांपर्यंतच्या छोट्या विश्रांतींवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा आला. विश्रांतीने उत्साह वाढतो आणि थकवा कमी होतो, हे त्यात दिसलं. कामाची गुणवत्ता मात्र सरसकट सुधारलेली दिसली नाही. जास्त डोकं लावायच्या कामांना बहुधा आणखी मोठी विश्रांती लागते.

रानवाट
@तळटीप, यातून माझाच मुद्दा पुढे जातो. काट्यावर नजर ठेवणं आणि गुंता सोडवणं ही दोन टोकं आहेत. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं होतं की काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं, तर मन काही काळ पहिल्यातच रेंगाळतं. गजर दर वेळी नेमकं तेच घडवतो.

ओळंबा
पण तो अभ्यास एका कामातून *दुसऱ्या कामात* जाण्याबद्दल आहे. विश्रांती हे दुसरं काम नव्हे. त्या पाच मिनिटांत मोबाइल उघडून निरोप वाचलेत तर मन तिकडे अडकणारच. उठा, पाणी प्या, खिडकीबाहेर लांबवर बघा. स्क्रीनवर काम करणाऱ्यांना डोळ्यांचे डॉक्टर सांगतातच की दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. उठण्याआधी पुढची पायरी एका ओळीत कागदावर लिहून ठेवली की परतल्यावर चाचपडावं लागत नाही. निदान माझा तरी असाच अनुभव आहे.

कासवगती
तुम्ही दोघं स्वतःच्या वेळेचे मालक आहात, म्हणून हा वाद घालू शकता. मी लोकांच्या तक्रारी घेण्याच्या विभागात आहे. चिरिलोंचा नियम म्हणतो की पोमोडोरो, म्हणजे २५ मिनिटांचा एक फेरा, अखंड असतो. कुणी मध्ये आलं तर 'नंतर बोलतो' सांगायचं, वेळ ठरवायची आणि मग आपण होऊन संपर्क साधायचा. थांबणं भागच पडलं तर तो फेरा रद्द धरून नव्याने सुरुवात करायची. समोर वैतागलेला माणूस उभा असताना त्याला काय सांगू, गजर वाजेपर्यंत थांबा? आणि साहेबांना? ज्याच्या हाती 'थोड्या वेळाने' म्हणण्याचा अधिकार नाही, त्याचे सगळेच फेरे रद्द होणार. वर 'तुला वेळेचं नियोजन जमत नाही' हे ऐकून घ्यायचं.

शब्दपाखरू
@कासवगती, तुमचा मुद्दा सगळ्यांत खरा आहे, आणि टायमरकडे त्याचं उत्तर नाही.

पण या पद्धतीचा अर्धा भाग सगळे विसरतात, तो म्हणजे नोंद. पाच-सात फेऱ्यांपेक्षा मोठं वाटणारं काम आधी फोडायचं, एका फेऱ्याहून लहान कामं एकत्र बांधायची, आणि अंदाज किती होता, लागले किती, हे लिहून ठेवायचं. मी भाषांतर करते. पूर्वी 'परवापर्यंत देते' असं मनाने ठोकून द्यायचे. आता जुनी वही बघून मुदत सांगते, आणि कुणी घाई केली तर वहीच्या आधारावर नाही म्हणता येतं. माझा फेरा २५चा नाही, ४०चा आहे. २५ हा आकडा चिरिलोंना स्वतःला मानवला, बाकीच्यांनी आपापला शोधावा. @रानवाट, तुम्ही ९० मिनिटांचा का लावत नाही?

रानवाट
९० चालेल, पण मग त्याला गजर कशाला? मी अडले की आपोआप थांबतेच.

शब्दपाखरू
अडल्यावर थांबता की दमल्यावर? माझ्या अनुभवात दमलेल्या माणसाला आपण दमलोय हे सगळ्यांत शेवटी कळतं. संध्याकाळी उशिरा केलेलं भाषांतर सकाळी वाचलं की वाक्यावाक्याला कळतं.

रानवाट
हे मान्य. रात्री घाईत केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी नवीन चूक होऊन समोर येते, हे आमच्या कामात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा लांब फेरा आणि त्यानंतर सक्तीने उठणं, इथवर मी येते. नोंदवहीही ठेवीन. पण ती वही माझी राहिली पाहिजे. फेऱ्यांचा आकडा वरिष्ठांच्या तक्त्यात गेला की लोक सोपी कामं निवडून आकडे भरतील आणि अवघड चूक कुणीच हातात घेणार नाही. त्याला माझा विरोध कायम आहे.

कासवगती
आमच्याकडे तो तक्ता आधीच आहे. त्यात किती तक्रारी मिटवल्या ते दिसतं, विश्रांतीचा रकानाच नाही. तो आधी घाला, मग गजर किती मिनिटांचा ते ठरवू.