‘टेलिटबीज’मध्ये तेच ते पुन्हा का?

प्रश्न: १९९७ साली बीबीसीवर सुरू झालेल्या ‘टेलिटबीज’ या चिमुकल्यांच्या मालिकेत पात्रांच्या पोटावरच्या पडद्यावरील चित्रफीत संपताच पुन्हा पहिल्यापासून का दाखवली जात असे?

उत्तर १: मोठ्यांना ते कंटाळवाणे वाटणारच, पण पहिल्या वेळी मूल केवळ पाहते, तर दुसऱ्या वेळी पुढे काय येणार हे ठाऊक असल्यामुळे ते आधीच बोट दाखवून हसू लागते. मालिकेचे जनक अ‍ॅन वुड आणि अँड्र्यू डेव्हनपोर्ट यांनी हे नेमके हेरले होते.

उत्तर २: सहमत. डेव्हनपोर्ट यांच्याच ‘इन द नाइट गार्डन’मध्ये (२००७) अभिनेते डेरेक जेकोबी यांचे संथ निवेदन आणि शेवटी पात्रांचे निजणे ठरलेले असते. मला तीच मालिका अधिक सरस वाटते.

उत्तर ३: १९६४ च्या ‘प्ले स्कूल’ या बीबीसीच्याच बालकार्यक्रमातही गोल, चौकोनी की कमानदार, कोणत्या खिडकीतून बाहेरचे जग दिसणार, हे ओळखण्यातच निम्मी गंमत होती.