कोजागिरीचं दूध कशात द्यायचं?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. कोजागिरीला गच्चीवर दूध आहेच. कागदी कप आणायचे की कुल्हड, रात्रीपर्यंत सांगा. कुल्हड महाग पडतील.

बी-302: कुल्हडच! इको फ्रेंडली 🌿

ए-101: ताई, मग वर्गणी वाढवायची का?

बी-302: तसं नाही हो म्हटलं काका 😄

सी-404: कागदी आणा. प्लास्टिक नको एवढंच.

ए-203: दादा, कागदी कपालाही आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो, नाहीतर दूध झिरपेल. आयआयटी खरगपूरच्या 2020 च्या अभ्यासात 100 मिली गरम पाण्यात 15 मिनिटांत प्लास्टिकचे साधारण 25,000 सूक्ष्मकण उतरले होते. आपण तर कप हातात धरून अर्धा तास गप्पा मारतो.

सी-404: मग मुलांना टेट्रापॅक द्या. कागदच असतो ना तो?

ए-203: बराचसा कागद, पण त्याला पॉलिथिन आणि ॲल्युमिनियम चिकटवलेलं. सुटं करायला वेगळा कारखाना लागतो.

बी-105: खोक्यावरचं हिरवं पान बघून काही कळत नाही. भंगारवाला काय घेतो ते बघा. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या तो वजनावर नेतो, पाण्याच्या बाटल्या नेतो. कागदी कप दाखवले की हात जोडतो. आणि आपण नावं ठेवतो पिशवीला!

डी-201: 2018 च्या प्लास्टिकबंदीत बाटली परत केली की पैसे मिळणार होते. केली कुणी?

ए-101: घेणारा दुकानदार दाखवा, मी आज नेऊन देतो. सोड्याच्या काचेच्या बाटलीचं डिपॉझिट भरायचो, तेव्हा बरी परत जायची!

बी-302: म्हणून म्हणते कुल्हड. माती मातीला मिळते.

बी-105: भाजलेली माती कुठली मिळते गं? तुळशीच्या कुंडीत तळाला घातलेली खापरं दरवेळी माती बदलताना तशीच निघतात. घरून आपापला स्टीलचा पेला आणा, प्रश्न मिटला.

सी-404: काकू, बरं दिसेल का ते? पाहुणेही असतात. शिवाय पेले बदलतात.

बी-105: नावं घातलेली असतात की भांड्यांवर! सासूबाईंच्या पेल्यावर तर तारीखसुद्धा आहे.

ए-101: 👍 पाहुण्यांसाठी केटररकडून पेले भाड्याने घेऊ. न धुता परत दिले तर तो जास्त पैसे लावतो, एवढं लक्षात ठेवा.

सेक्रेटरी: ठीक. घरचे पेले + भाड्याचे पेले. विसळायला दोघं-तिघं लागतील. नावं द्या.

सी-404: मी दूध आटवायला आहे 🙏

बी-302: मी वाटायला.

सेक्रेटरी: विसळायला म्हटलं मी.