पाव सोडा आणि गूळ घाला म्हणे!

फोंडेकर
दोन दिवस सगळ्या ग्रुपांवर एका आहारसल्लागार बाईंची पोस्ट फिरतेय. सार असं: गोवेकरांनी सकाळचा भाजी-पाव सोडावा, ओट्स-ग्रॅनोला खावा, चहात साखरेऐवजी गूळ घालावा, की साखरेचा प्रश्न मिटला. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. म्हणून हे लांबलचक लिहितोय.

बाई, पातळ भाजीत साखर असते कुठे? वाटाणे, खोबऱ्याचं वाटण, हळद, मिरची. कुणी गुळाचा खडा टाकलाच तर अख्ख्या टोपात एक. साखर आहे ती बशीशेजारच्या चहाच्या ग्लासात. दोन चमचे म्हणजे आठ-दहा ग्रॅम, आणि दुपारच्या जेवणापर्यंत तसे तीन ग्लास सहज होतात. वर बन्स, ज्याच्या पिठात केळ्याबरोबर साखर मळलेली. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलं की अशी साखर दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांखाली ठेवा, जमलं तर 5. म्हणजे साधारण 25 ग्रॅम. त्या हिशेबात गूळ, मध आणि फळांचा रसही धरलेला आहे. आणि बाजारातला ग्रॅनोला कशानं चिकटवतात? मधानं, गुळानं, नाहीतर साखरेच्या पाकानं. चोर सोडून संन्याशाला सुळी!

सत्तरीची सून
गूळ आणि साखर एकाच पारड्यात घालणाऱ्यांना माझा साष्टांग. आमच्याकडे नाचणीची तिजण, म्हणजे पातळ खीर, होते, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ घालून. सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत, अजून कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, उतरतात, सुपाऱ्या गोळा करतात. त्यांना कोणी ग्रॅम मोजायला शिकवलं नव्हतं.

डॉक्टर नव्हे, फार्मसीवाला
सासूबाई कुळागरात उतरतात म्हणून तो गूळ जिरतो, ताई. तुम्ही कुळागरात उतरता की स्कूटरवरून ऑफिसला जाता? गूळ बहुतांशी साखरच. त्यातलं लोह मिळवायचं तर इतका खावा लागेल की आधी माझ्या काउंटरवर यावं लागेल. 2023 साली आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहात गोवा देशात पहिला. 26.4 टक्के. देशाचा आकडा 11.4. समुद्रकिनाऱ्यांसाठी पहिला नंबर मिरवतो, तसा हाही मिरवा.

सत्तरीची सून
माझ्या घरापर्यंत यायची गरज नव्हती. आणि तो आकडा गुळामुळे आला असं त्या पाहणीत लिहिलंय का?

डॉक्टर नव्हे, फार्मसीवाला
नाही लिहिलं. एकट्या साखरेमुळे असंही नाही. पण दुकानात रोज कोण येतं ते मी बघतो. "आम्ही साखर केव्हाच बंद केली, फक्त गूळ" म्हणत गोळ्यांची पट्टी मागणारे.

डिचोलीचा दादा
साखर बंद करायला सांगता कोणाला? धारबांदोड्याच्या आपल्या साखर कारखान्याचं गाळप 2019-20 पासून बंदच आहे. गोव्याइतका पथ्य पाळणारा प्रांत दाखवा!

म्हापशेकर
सगळे चुकीच्या झाडाखाली बसलात. खरा घात पावात झालाय. पोई, म्हणजे आपला कोंड्याचा पाव, पूर्वी सुरेवर, म्हणजे माडाच्या ताडीवर, आंबवायचे, रात्रभर. कोंडा भरपूर, आंबूस वास, लाकडाच्या भट्टीत भाजलेली. एक खाल्ली की दुपारपर्यंत भूक नाही, मग चहा-बिस्किटांची आठवण कशाला येतेय? आता यीस्ट टाकतात, दोन तासांत फुगवतात, मैद्यावर कोंडा भुरभुरून पोई म्हणून विकतात. दाबली की चपटी, सोडली की चपटीच.

फोंडेकर
विषय साखरेचा आहे हो.

म्हापशेकर
विषय न्याहारीचा आहे. पाव पोट धरत नाही म्हणूनच बन्स मागवला जातो. तुमच्याच मुद्द्याला जोर देतोय आणि तुम्ही मलाच गप्प करता.

पेडण्याचा बाबू
सूर हवी तर ती काढणारा रेंदेर हवा. माड चढायचा, दिवसातून दोन-तीनदा, पावसातसुद्धा. तुमच्या घरातलं कोण चढणार? पोर बोटीवर नाहीतर पोर्तुगालला, आणि रडगाणं पोईचं. पोदेराच्या, पाव भाजणाऱ्याच्या, घरची मुलं पहाटे दोनला भट्टीपुढे का बसतील? आता पीठ मळणारा बाहेरचा आहे, त्यालाही तुम्ही "पूर्वीसारखी नाही" म्हणून नावं ठेवता. पाव एक रुपयानं वाढला की गावभर बोंब मारणारेही तुम्हीच.

म्हापशेकर
"तुम्ही, तुम्ही" काय चाललंय? मी पोदेराला एका शब्दानं नावं ठेवली नाहीत. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या एकाच भट्टीचा पाव खातं. जास्त पैसे द्यायलाही तयार आहे. तशी पोई आणून तर दाखवा!

सत्तरीची सून
आणि सूर काढणारा नाही म्हणजे माडाचा गूळही नाही, दोन्ही एकाच झाडाचे. बाजारात काळा म्हणून मिळतो तो सगळा खरा असतो का, याची मलाच शंका येते. हे मात्र या बाबूंचं पटलं.

पेडण्याचा बाबू
पटलं ना? मग मी "हे बाबू" कसा? सरळ बाबू म्हण.

गाडेवाला
चहावाल्यांवर गाडी आली म्हणून बोलतो. आमच्याकडे साखर पातेल्यातच उकळते, कपात नाही. गिऱ्हाईक "साखर कमी" म्हणालं की त्याच्यासाठी वेगळं पातेलं चढवावं लागतं. सकाळी सहाला मासळी उतरवणारे येतात, त्यांना कमी गोड दिला तर पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात, कप फळीवर आपटतात, "काय रे, साखर महाग झाली?" म्हणतात. त्याच फळीवर आठ वाजता ऑफिसवाले बिनसाखरेचा मागतात आणि बरोबर गोड बिस्किटं घेतात. आता ग्रॅम कोणाचे मोजू?

दोन पोरांची आई
बिस्किटांचं बोललात ते बरं झालं. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात. मारी बिस्किटाचं पाकीट उलटून बघा, मैद्याच्या पाठोपाठ साखर येते. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी 2024 मध्ये सरकारनंच ऑनलाइन दुकानांना "हेल्थ ड्रिंक" म्हणून विकू नका सांगितलं. तरी माझ्या सासरी पोराला त्या पावडरीशिवाय दूध द्यायचं म्हणजे मी सावत्र आई. शेवटी सकाळी पेज सुरू केली. उकड्या तांदळाची, बरोबर खारं लोणचं. थोरला गुपचूप जेवतो. धाकटा अजून वाटी ढकलतो, आणि आजी मागून हळूच साखर पेरते.

फोंडेकर
या आजीला त्या बाईंची पोस्ट पाठवा. पेज उत्तम. फक्त मिठाकडे लक्ष ठेवा.

सत्तरीची सून
झालं, आता मीठ! ठीक आहे, फार्मसीवाले, चहातला गूळ बंद करते. म्हणजे चहाच बंद, कारण तसा मला गिळवत नाही. तिजणात मात्र घालणार. आणि दिवाळीच्या पहाटे गुळातल्या फोवांच्या, म्हणजे पोह्यांच्या, वाटीवर कोणी 25 ग्रॅमचा कागद ठेवला तर नरकासुराबरोबर त्यालाही पेटवीन.

डॉक्टर नव्हे, फार्मसीवाला
दिवाळी वर्षातून एकदा येते, मला काही म्हणायचं नाही. चहा मात्र दिवसातून चारदा येतो.

म्हापशेकर
ते राहू दे. बाबू, पेडण्यात अजून कोणी सुरेवर आंबवतं का? असेल तर गाव सांग, रविवारी येतो.

पेडण्याचा बाबू
एक म्हातारा आहे. गाव सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही म्हापसेवाले गाड्या लावून आठवड्यात संपवाल.